मेडिकलवाल्याला काय करायचंय?

मागच्या अंकात मी बोलता बोलता एक ओळ लिहून गेले, की बीपी-शुगरवाल्यांनी एकच मेडिकल धरून ठेवावं आणि तिथल्या फार्मासिस्टशी ओळख ठेवावी. एवढ्याशा ओळीवर पत्रांचा ढीग आलाय. काहींना पटलं, काही चिडले, आणि एकाने तर सरळच विचारलंय, "तुमचं स्वतःचं मेडिकल आहे का, गिऱ्हाईक बांधून घेताय का?" नाही हो. मी बी.फार्म., नाशकात आधी पंचवटीत आणि मग सिडकोत मिळून बावीस वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिलेय, आता गुडघ्यांमुळे अर्धा दिवसच जाते. तुम्ही कुठूनही गोळ्या घ्या, माझा पगार तेवढाच. तर या वेळची सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न : ताई, मी इंदिरानगरला राहतो, वय ६७, बीपीच्या गोळ्या सहा वर्षांपासून चालू. परवा नेहमीच्या मेडिकलमध्ये गेलो तर तिथला मुलगा चार माणसांसमोर म्हणतो, "काका, मागच्या वेळी तीस गोळ्या नेल्या होत्या, आज बेचाळिसावा दिवस आहे, मधे दुसरीकडून घेतल्या का?" मी काय उधारी ठेवलीय का त्याची? डॉक्टरांनी कधी असं विचारलं नाही, उलट मागच्या महिन्यात बीपी १६० आलं म्हणून त्यांनी आणखी एक गोळी वाढवून दिली. मेडिकलवाल्याला काय करायचंय, गोळ्या द्याव्या, पैसे घ्यावे. तुम्हीच सांगा.

उत्तर : काका, चार माणसांसमोर विचारलं ही त्याची चूक, ती मी त्याच्या वतीने कबूल करते. पण प्रश्न त्याने लाखमोलाचा विचारलाय.

हिशेब करून बघा. तीस गोळ्या बेचाळीस दिवस पुरल्या म्हणजे बारा दिवस गोळी पोटात गेलेली नाही. दहातले जवळपास तीन दिवस. आता तुमच्या डॉक्टरांना हे माहीत आहे का? नाही, कारण ते विचारतात "गोळ्या चालू आहेत ना?" आणि आपण सगळेच म्हणतो "हो हो, चालू आहेत", आणि ते खोटंही नसतं, चालू असतातच, फक्त रोज नसतात. डॉक्टरांसमोर १६० आकडा आहे आणि पेशंट म्हणतोय गोळी चालू आहे, तर ते बिचारे काय करणार, दुसरी गोळी वाढवणारच. आणि उद्या तुम्ही मनावर घेऊन दोन्ही गोळ्या अगदी नेमाने रोज घ्यायला लागलात तर बीपी एकदम खाली येऊन सकाळी अंथरुणातून उठताना गरगरेल, मग तुम्ही म्हणणार नवीन गोळी मानवत नाही, ती बंद. हे चक्र मी बावीस वर्षं बघतेय.

डॉक्टर तुम्हाला वर्षातून दोनदा बघतात, फार तर तीनदा. आम्ही दर महिन्याला बघतो. काउंटरवर आमच्या हातात स्टेथोस्कोप नसतो, पण बिलावरची तारीख असते, आणि जुनाट आजारात ही तारीख म्हणजे अर्धा रिपोर्टच असतो. गोळ्या चुकणं ही काही तुमची एकट्याची गोष्ट नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच सांगितलंय की श्रीमंत देशांतसुद्धा जुनाट आजाराचे जेमतेम निम्मेच लोक औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात. आपल्याकडची कारणं मला पाठ आहेत: बरं वाटतंय मग कशाला, शनिवारी रात्री गोळी संपली आणि सोमवारी आणली, पुण्याला नातवाकडे गेलो आणि डबी इकडेच राहिली, रोज घेतली तर सवय लागेल, लग्नात गोडधोड झालं त्यामुळे आज शुगरची डबल घेतली. आणि एक कारण जे कोणी सांगत नाही, महिनाअखेरीला पैसे नव्हते. ते कारण असेल तर अगदी हळू आवाजात का होईना पण सांगा, कारण त्यावर खरंच उपाय असतो, खाली जेनेरिकच्या, म्हणजे औषधाच्या मूळ नावाने मिळणाऱ्या स्वस्त गोळ्यांच्या, प्रश्नात लिहिलंय.

कधीकधी कारण गोळीतच असतं. बीपीच्या गोळ्यांतल्या अम्लोडिपिनने काहींच्या पावलांना सूज येते, रामिप्रिलने कोरडा खोकला लागतो. एक मावशी होत्या आमच्या, पाय सुजतात म्हणून त्यांनी अम्लोडिपिन परस्पर बंद केली, सुनेला सांगितलं नाही, डॉक्टरांना सांगितलं नाही, आणि नियमित दुकानात येऊन घेऊन मात्र जायच्या, म्हणजे घरचे विचारायला नकोत. तिथे माझी तारीखही फसली. एकदा चप्पल सैल घातलेली दिसली म्हणून विचारलं तेव्हा बोलल्या. डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली, त्यांनी गोळी बदलली, प्रकरण मिटलं. आणि मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी बीपीची गोळी असेल तर ती अशी मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं, नाडी आणि बीपी उसळी मारतं, हृदयाचा त्रास असलेल्याला तर अटॅकपर्यंत जाऊ शकतं.

माझीही एक चूक सांगते, म्हणजे तुम्हाला वाटायला नको की मी त्या मुलाची नुसती वकिली करतेय. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. एक काका हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आमच्याकडे आणायचे आणि फॅमिली डॉक्टरांची त्यांच्या घराजवळच्या दुकानात द्यायचे. दोन्ही चिठ्ठ्यांत टेल्मिसार्टन हे बीपीचं एकच औषध होतं, फक्त कंपनीची नावं वेगळी, त्यामुळे ते इमानेइतबारे दोन्ही घेत होते. मला एकदा म्हणालेसुद्धा, सकाळी गरगरतं, आणि मी म्हटलं काका ऊन आहे, पाणी जास्त प्या. पुढच्या आठवड्यात रविवार कारंजावर चक्कर येऊन पडले, मनगट मोडलं. "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" एवढाच प्रश्न विचारायचा राहिला होता. एकच मेडिकल धरा असं मी सारखी म्हणते ना, ते त्या मनगटामुळे.

तर काका, आता करायचं काय. त्या मुलाकडे गर्दी नसताना, दुपारी तीनच्या सुमाराला जा आणि सांगा की हो, बारा दिवस चुकल्या. तो डोस बदलणार नाही, बदलायचा त्याला अधिकारही नाही, पण ही माहिती कागदावर लिहून देईल. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा की दुसरी गोळी खरंच लागणार आहे का. आणि एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, एकच.

प्रश्न : मॅडम, माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या, शुगर दहा वर्षांपासून. दर नवरात्रात नऊ दिवस उपवास करतात, चप्पल घालत नाहीत आणि एक दिवस वणीला गडावर जातात. कोणाचं ऐकत नाहीत. मागच्या वर्षी पाचव्या दिवशी घाम येऊन थरथरायला लागल्या. गोळ्या नऊ दिवस बंद ठेवायच्या का चालू ठेवायच्या? मेडिकलवाले म्हणाले डॉक्टरांना विचारा, डॉक्टर म्हणाले उपवास करू नका. - एक सून, सिडको

उत्तर : "उपवास करू नका" हे उत्तर बरोबर आहे आणि त्याचा उपयोग शून्य आहे, कारण सासूबाई उपवास करणारच. मग तो सांभाळून कसा होईल ते बघायला हवं.

सगळ्या गोळ्यांना एकच नियम लावू नका. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जा आणि फार्मासिस्टला विचारा की यातली शुगर फार खाली नेणारी गोळी कुठली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर ते पोटात अन्न असो नसो, शुगर खाली आणतंच, मागच्या वर्षीचा घाम आणि थरथर बहुतेक त्याचीच. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर तेवढी भीती नसते, पण रिकाम्या पोटी मळमळतं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, म्हणजे लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर उपाशी आणि कमी पाणी पिऊन ती घेणं वेगळ्या कारणाने घातक ठरू शकतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. फार्मासिस्ट तुम्हाला हे ओळखून देईल, मग घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन असं विचारायचं की "त्या उपवास करणार आहेत, ही अमुक गोळी नऊ दिवस किती आणि कधी द्यायची?" असा नेमका प्रश्न विचारला की डॉक्टरही नेमकं उत्तर देतात, मी पाहिलंय.

आणि उपवास म्हणजे उपाशी राहणं असंही नसतं ना आपल्याकडे. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, वर केळं, यात शुगर दुपारी आभाळाला आणि रात्री काही न खाल्ल्याने पहाटे तळाला. त्यापेक्षा भगर थोडी, दाण्याची आमटी, ताक, दही, काकडी असं दर तीन-चार तासांनी थोडं थोडं. घरात ग्लुकोमीटर असेलच, तर सकाळी, दुपारी खाण्याआधी आणि झोपताना बघायचं, बोट टोचल्याने उपवास मोडत नाही.

आकडा ७० च्या खाली आला किंवा घाम, थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ असं काही दिसलं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. तेव्हा उपवासाचा विचार करायचा नाही, साखर उपवासाला चालतेच की! शुद्ध हरपली तर मात्र तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात.

अनवाणी चालण्याचं मात्र मला उपवासापेक्षा जास्त भय वाटतं. दहा वर्षांच्या शुगरमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, गडाच्या पायऱ्यांवर खडा रुतला तरी कळत नाही, दसऱ्याला जखम दिसते आणि दिवाळीला अंगठा कापायची वेळ येते. चप्पल घालाच म्हणा, नाहीच ऐकलं तर निदान जाड मोजे, गडावर रोपवे आहे तो घ्या, आणि रोज रात्री तळपाय उजेडात नीट बघा, सूनबाई, हे काम तुमच्याकडे. देवीला चपलेचं वाईट वाटणार नाही.

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे. छाटणीच्या आणि डिपिंगच्या (घड द्रावणात बुडवायच्या) दिवसांत कंबर आणि खांदे इतके धरतात की दुखण्याची गोळी घेतल्याशिवाय उठवत नाही. बीपीची गोळी तीन वर्षांपासून चालू पण बीपी काही आटोक्यात येईना. दोन्हीचा काही संबंध असतो का?

उत्तर : असतो भाऊ, आणि तुमच्या भागातून येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाला मी हेच सांगते. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या रोज पोटात गेल्या की अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी चढतं, आणि बीपीच्या गोळीचा जोर कमी पडतो. त्यात तुमची बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारं औषध अशी जोडगोळी असेल, जी फार कॉमन आहे, तर त्यावर ही दुखण्याची गोळी म्हणजे किडनीवर तिसरा भार, आणि उन्हातान्हात बागेत पाणी कमी पिलं जातं तो चौथा. डॉक्टर बीपीची गोळी वाढवत बसतात कारण दुखण्याची गोळी त्यांच्या चिठ्ठीत नसतेच, ती तुम्ही मेडिकलमधून सुटी मागून नेता. म्हणजे ही गोष्ट डॉक्टरांना दिसत नाही आणि मेडिकलवाल्याला रोज दिसते, तरी तो बोलत नाही. खरं तर यातल्या बऱ्याच गोळ्या चिठ्ठीशिवाय द्यायच्याच नसतात, पाकिटावर लाल पट्टी असते ती त्यासाठीच, पण ते आता कोणाला सांगता.

पुढच्या वेळी किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्या. दुखण्याला साधी पॅरासिटामॉल किती चालेल ते विचारून घ्या, शेक, मलम, आणि छाटणीच्या आधीपासून कंबरेचे व्यायाम. आणि ती कागदाच्या पुडीतली नाव नसलेली मिक्स गोळी, दोन तासांत माणूस उड्या मारायला लागतो ती, घेत असाल तर आजच थांबून डॉक्टरांना सांगा, त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते, ते बीपीही वाढवतं आणि शुगरही. बरेच महिने घेत असाल तर एकदम बंदही करायची नसते, म्हणून डॉक्टर.

प्रश्न : थायरॉईडची गोळी मी सकाळी चहाबरोबर घेते. दोन वर्षं झाली, टीएसएच (थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही.

उत्तर : चहाच कारण असणार. उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर मधे चार तास जाऊ द्या. कंपनी सारखी बदलू नका. दीड-दोन महिने असं करून मग टीएसएच करा, त्याआधी डोस वाढवून घेऊ नका.

प्रश्न : घरात आई-वडील दोघांच्या मिळून महिन्याला साडेचार हजारांच्या गोळ्या लागतात. जनऔषधीतल्या स्वस्त गोळ्या खरंच तशाच असतात का? आमचा मेडिकलवाला म्हणतो, "घ्या, पण गॅरंटी नाही." आणि तो स्वतः मात्र चिठ्ठीतली कंपनी नसली की दुसरी देतो, ते चालतं का? - सातपूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं आधी. नाही चालत. चिठ्ठीत कंपनीचं नाव लिहिलेलं असेल तर शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायच्या, औषधांत आम्ही परस्पर दुसरी कंपनी द्यायची नाही असा नियम आहे, आत तेच औषध असलं तरी. डॉक्टरांना फोन करून विचारायचं असतं. डॉक्टरांनी नुसतं औषधाचं मूळ नाव लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी.

जनऔषधी ही सरकारची स्वस्त औषधांची योजना २००८ पासून आहे, नाशकातही केंद्रं आहेत. मेटफॉर्मिन, अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, अटोर्वास्टॅटिन ही जुनी, रुळलेली औषधं आहेत, ती तिथून घ्यायला मी कोणालाही सांगते, माझ्या आईलाही तिथलीच आणते. एवढंच की बदलल्यावर महिनाभर बीपी-शुगरचे आकडे लिहून ठेवा, ठीक असतील तर विषय संपला. "गॅरंटी नाही" म्हणणाऱ्याला एकदा विचारा की तुमच्या दुकानातल्या जेनेरिकवर छापील किंमत किती आणि खरेदी किती, त्या दोन आकड्यांत फार अंतर असतं आणि त्यातलं किती तुमच्यापर्यंत पोचतं हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. (हे लिहिल्यावर मला आमच्या लाइनमधले लोक फोन करणार, करू देत.)

नवीन औषधांची किंमतही कायम तीच राहत नाही हे लक्षात ठेवा. एम्पाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळीचं पेटंट मार्च २०२५ मध्ये संपलं आणि बऱ्याच कंपन्यांनी ती गोळी खूप कमी किमतीत आणली, तरी जुनी चिठ्ठी जुन्याच महागड्या कंपनीवर चालू ठेवलेले पेशंट मला अजून दिसतात. वर्षातून एकदा फार्मासिस्टसमोर सगळ्या चिठ्ठ्या मांडायच्या आणि विचारायचं, यात स्वस्त काय होऊ शकतं, दोनदा काय येतंय, आणि कुठली गोळी कशासाठी आहे. मग ते डॉक्टरांना दाखवायचं.

प्रश्न : मी नाशिकरोडला छोटं मेडिकल चालवतो, स्वतः डी.फार्म. आहे. तुम्ही लोकांना सांगता फार्मासिस्टला विचारा, पण सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ७ ते १० मान वर करायला वेळ नसतो. ऑनलाइनवाले वीस टक्के सूट देतात, गिऱ्हाईक पहिलं डिस्काउंट विचारतं. फुकट सल्ला देऊन माझं पोट भरणार आहे का? आणि डॉक्टरांना वाटतं आम्ही त्यांच्या कामात नाक खुपसतो.

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नाही.

जिथे हे काम जमलंय तिथे त्याचे पैसे कोणीतरी दिलेत, ही गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकेत ॲशव्हिल नावाचं गाव आहे, तिथे १९९६ मध्ये नगरपालिकेने आपल्या शुगरवाल्या कर्मचाऱ्यांना गावातल्या फार्मासिस्टकडे नियमित पाठवायला सुरुवात केली आणि फार्मासिस्टला त्या बसण्याची फी दिली, शुगर तर सुधारलीच. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून चाळिशीपुढच्या लोकांचं बीपी मेडिकलमध्ये मोफत तपासतात आणि सरकार दुकानाला पैसे देतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात तर २००७ पासून जादा परवानगी घेतलेला फार्मासिस्ट स्वतः औषधही लिहून देऊ शकतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र न्हाव्याच्या दुकानातली आहे. लॉस एंजेलिसमध्ये काळ्या पुरुषांचं बीपी फार, आणि ते डॉक्टरकडे जातच नाहीत, पण केस कापायला ठरलेल्या न्हाव्याकडे नेमाने जातात. तर संशोधकांनी ५२ सलूनमधले ३१९ पुरुष निवडले. निम्म्या सलूनमध्ये फार्मासिस्ट येऊन बसायचा, बीपी बघायचा आणि डॉक्टरांशी आधी झालेल्या करारानुसार तिथेच औषध लिहून द्यायचा, उरलेल्या सलूनमध्ये न्हावी नुसतं "डॉक्टरकडे जा" म्हणायचा. सहा महिन्यांनी फार्मासिस्टवाल्यांचं वरचं बीपी सरासरी २७ ने खाली आलं, दुसऱ्यांचं ९ ने. २०१८ मध्ये हे छापून आलं. औषधं काही जगावेगळी नव्हती हो, अम्लोडिपिनसारखीच. माणूस जिथे आपणहून येतो तिथे आपण जाऊन बसलो, एवढाच फरक. आणि आपल्याकडे तर लोक आपणहून मेडिकलमध्येच येतात, न्हाव्याचीसुद्धा गरज नाही.

आपल्याकडेही अगदीच काही नाही असं नाही. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत पेशंटला औषध कसं घ्यायचं, काय त्रास होऊ शकतो, डोस चुकला तर काय, कसं ठेवायचं हे समजावून सांगणं फार्मासिस्टचं काम म्हणून लिहिलेलं आहे. त्याची फी कोणी द्यायची ते लिहिलेलं नाही, तिथे गाडी अडते. सरकारी बाजूला बीपी नियंत्रणाचा एक मोठा उपक्रम २०१७ च्या सुमाराला सुरू झाला, आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग वगैरे जिल्हे पहिल्या फळीत होते. त्यातली पद्धत साधी आहे: ठरलेल्या दोन-तीनच गोळ्या, महिन्याचा पुरवठा, प्रत्येकाचं कार्ड, आणि जो महिन्याने आला नाही त्याला फोन. पेठ-सुरगाण्याकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी एकटा खिडकीत शंभर-दीडशे लोकांना गोळ्या देतो तेव्हा तो काय कप्पाळ समजावणार, हे मान्य. पण आला नाही त्याला फोन, हे तरी तुमच्या-माझ्या दुकानात होण्यासारखं आहे.

तुमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तारीख आधीच असते. रोज दुपारी दहा मिनिटं काढून ज्यांच्या गोळ्या या आठवड्यात संपतायत त्यांना एक व्हॉट्सअ‍ॅप टाका. त्यातून धंदाही होतो, हे मी पंचवटीत असताना मालकाला करून दाखवलंय, तो पहिल्यांदा हसला होता. वीस टक्के सूट देणारा ॲप तुमच्या मावशीची चप्पल सैल झालेली बघू शकत नाही. गर्दीत फक्त एकच प्रश्न: "आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत?" बाकीचं गिऱ्हाइकाला दुपारी यायला सांगा. दम्याचा पंप पहिल्यांदा नेणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे ओढून दाखवायला लावा, कारण चुकीचा ओढला तर औषध घशातच राहतं, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरायला सांगा. बीपी मोजत असाल तर पेशंटला पाच मिनिटं खुर्चीत टेकून बसवा, उन्हातून चालत आलेल्याला उभ्या उभ्या पट्टा बांधून १६० सांगू नका, निम्मी भांडणं त्यानेच होतात.

डॉक्टरांचं म्हणाल तर त्यांना फोन करून "तुमची गोळी चुकली" म्हणू नका. "सर, यांच्या दोन चिठ्ठ्यांत एकच औषध दिसतंय, काय करू?" असं विचारा. एक-दोन डॉक्टर खेकसतील. बाकीचे पुढच्या वेळी स्वतः फोन करतात.

आणि एक कडू बोलते. आपल्याच धंद्यात भिंतीवर एकाचं सर्टिफिकेट टांगलेलं आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा, असं चालतं, सर्टिफिकेट महिन्याच्या भाड्याने मिळतं हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अभ्यासात देशात १० कोटी १० लाख लोकांना शुगर असल्याचं आलं, मोठ्या माणसांत शंभरातल्या पस्तिसांना बीपी. एवढ्या लोकांना पुरतील इतके डॉक्टर कुठून येणार, आपण लागणारच आहोत. पण भाड्याच्या सर्टिफिकेटवर कोण आपल्याला फी देईल? वाचकांनाही सांगते, दुकानात विचारा "फार्मासिस्ट कोण आहे?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे, आणि जो खरा असतो त्याला तो आवडतो.

प्रश्न : सुरगाण्याजवळच्या पाड्यावर राहतो. वडिलांना इन्सुलिन चालू केलंय, घरात फ्रिज नाही, लाईटचाही भरवसा नाही. नाशिकहून दोन महिन्यांचं एकदम आणलं तर टिकेल का?

उत्तर : दोन महिन्यांचं आणू नका, एका वेळी एकच बाटली आणा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची असते, तेव्हा जवळच्या आरोग्य केंद्रातल्या फ्रिजमध्ये तुमची बाटली ठेवायची काही सोय होईल का ते तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला विचारून बघा, नाही म्हणाले तरी विचारण्यात काही जात नाही. चालू बाटली साधारण चार आठवडे फ्रिजबाहेर चालते, पण उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात नाही. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात प्लास्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं, आणि मडकं सावलीत वारा लागेल असं. नाशिकहून नेताना पिशवीत बर्फ टाकलात तर बाटली बर्फाला टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं. एसटीत खिडकीजवळ उन्हात ठेवू नका.

गढूळ दिसणारं इन्सुलिन असेल तर ते तसंच असतं, घेण्याआधी तळहातांमध्ये हळू फिरवायचं, खळखळ हलवायचं नाही. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्सुलिन गढूळ झालं तर मात्र वापरू नका. आणि बाटली उघडाल त्या दिवशी मार्करने तिच्यावर तारीख टाका, बाटली आणताना मेडिकलमध्येच चार आठवड्यांनंतरची तारीखही लिहून घ्या, वडिलांना वाचता येत नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवसाला गोल करून ठेवा.